सूर्यास्तापूर्वी उतरणारी काठी

ज्या आकाशाने पहिला नाद धारण केला, आणि जी वाग्देवता मुक्याच्याही अंतरात अखंड बसलेली असते, त्या दोघांना आरंभी नमस्कार असो. आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. दुर्गला आम्ही ज्या इमारतीत राहतो तिच्या गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात सोसायटीने परवा एक कागद चिकटवला: गच्चीवर कोणीही खांब, काठी अथवा अन्य उंच वस्तू उभी करू नये. सूनबाईने तो निमूटपणे मान्य केला आणि बाजारातून एक वीतभर गुढी आणली. ती खिडकीच्या गजाला चिकटवता येते. माझी पत्नी यमुना हिने चष्मा पुसून आधी जिन्यातला कागद वाचला, मग ती गुढी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली.

"हे गुढी होय का बाहुलीचा झाडू?" ती म्हणाली, आणि देवघराच्या कोनाड्यातून आपला जुना तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला.

त्या तांब्याच्या काठावर रुपयाएवढा एक करडा डाग आहे. तो कथिलाचा डाग. साठ वर्षे चिंच आणि राख यांनी घासूनही तो गेलेला नाही, कारण यमुना तेवढी जागा कोणाला घासू देत नाही. घरात नवी मोलकरीण आली की तिला पहिली ताकीद त्या डागाविषयी असते. सुनेला वाटे, भांडे खराब आहे. तिने एकदा ते मोडीत देण्याविषयी सुचवून पाहिले. त्या दिवशी यमुना तांब्या पानाशेजारी ठेवून जेवली. आज तो तांब्या पुढ्यात आल्याबरोबर मला समोरची खोली दिसेनाशी झाली, आणि लाल मुरमाचे एक अंगण दिसू लागले.

भिलाईचे ते प्रारंभीचे दिवस होते. कारखान्याची धुराडी उभी राहिली होती, पण त्यांच्या भोवतीचे नगर अजून पुरते उभे व्हायचे होते. रस्ते होते, सावली नव्हती. रस्त्याच्या कडेला विटांच्या जाळीत कोवळी रोपे लावलेली, आणि त्यांच्यापेक्षा त्या विटांचीच सावली मोठी. एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा इतक्या एकसारख्या की कामावरून परतणारा मनुष्य कधी कधी शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवी आणि ओशाळून मागे फिरे. आपले घर ओळखावे ते दारातल्या तुळशीवरून, किंवा दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावरून. पाळीचा भोंगा झाला की तांबड्या धुळीत सायकलींच्या रांगा लागत. वारा पूर्वेकडून आला म्हणजे मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येई, आणि पश्चिमेकडून आला म्हणजे तापलेल्या लोखंडाचा. चैत्रात हे दोन्ही वास एकमेकांत मिसळत. तो मिश्र वास मला आजही कुठे अवचित आला, तर मी उभ्या जागी थबकतो.

मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे. नागपूरच्या पाठशाळेत वाढलेला मनुष्य मी. विजेच्या दिव्याखेरीज यंत्राशी माझा संबंध नव्हता. यमुना मात्र तारबाबूची मुलगी. तिचे वडील डोंगरगडच्या स्टेशनावर तार पाठवीत, आणि स्टेशनाला लागून असलेल्या क्वार्टरात ती तारयंत्राचे कडकट्ट ऐकतच लहानाची मोठी झाली. मुली ज्या वयात सागरगोटे खेळतात त्या वयात ती पाटावर बोटाने वडिलांच्या तारा पुन्हा वाजवून दाखवी. निवृत्त झाल्यावर वडील मुलाकडे भुसावळला गेले. तेथे त्यांनी हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला, घरी बिनतारी यंत्र जुळवले, आणि मुलीलाही परीक्षा द्यायला लावली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यमुनेचा परवाना आला. चौकटीत बसवून तो तिने देवांच्या तसबिरींशेजारी लावला. सरकारने दिलेली ती कॉलसाइनची, म्हणजे आकाशातल्या ओळखीची, चार-पाच अक्षरे ती माहेरच्या नावासारखी प्रेमाने उच्चारी.

युद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी सेटांचे सुटे भाग मिळवून तिने आपले यंत्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे केले. सोवळ्यातल्या माणसाने त्याच्याजवळून जावे की नाही, याचा मी काही दिवस गंभीरपणे विचार केला, हे आज सांगताना संकोच वाटतो. पुढे मी ती तारेची, बिंदूरेघांची लिपी शिकलो. बिंदू म्हणजे लघू आणि रेघ म्हणजे गुरू असे मनाशी ठरवल्यावर ते सारे मला छंदशास्त्रासारखे सोपे वाटले. पण आमचा गुरू दोन मात्रांचा, त्यांची रेघ तीन मात्रांची. मी आग्रहाने दोनच मात्रा वाजवी. भुसावळहून सासऱ्यांनी कळवले की, शास्त्रीबुवा विद्वान आहेत, पण बोबडे बोलतात. यमुना पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ हसत होती.

तो बोबडेपणाचा विनोद सासऱ्यांनी केला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. पत्र आले तेव्हा यमुना तांदूळ निवडीत होती. तिने पत्र वाचले, सूप खाली ठेवले, आणि यंत्राजवळ जाऊन कान लावून बसली. त्या दिवशी काही आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असे तीन आठवडे ती रोज सकाळी सात वाजता बसत होती. तारबाबू लोक एकमेकांचा हात ओळखतात. दोन गवयांचा एकच सूर जसा वेगळा ओळखू यावा, तसा. आणि एके सकाळी तिला एक अनोळखी हात ऐकू आला. अडखळणारा, फार सावकाश, कोणी नवशिका असावा असा. तिने दुर्लक्ष करून पुढे जावे, तोच त्या हाताने 'यमू' असे वाजवले, आणि दोन अक्षरांच्या मध्ये किंचित थांबला. तिच्या नावात असे थांबणारा मनुष्य जगात एकच होता. ते डाव्या हाताने बोलत होते.

तेव्हापासून त्यांची वाचा भिलाईला राहू लागली, असेच मी म्हणेन. त्यांच्या डाव्या हाताला अक्षर वळत नव्हते, पण यंत्राची तार वाजवायची चावी दाबता येत होती. भुसावळला मेहुणा गार्डाच्या ड्यूटीवर, घरात त्याची बायको. दोघांनाही ही लिपी येत नसे. मेहुणा फक्त यंत्राचे बटण चालू करून देई. त्यामुळे त्यांना उशी उंच हवी असेल, डाळीत मीठ कमी पडत असेल, खिडकीतून येणारे ऊन डोळ्यांवर पडत असेल, तर ते त्यांनी आम्हाला सांगायचे, यमुनेने पोस्टकार्ड लिहायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेजारच्याच खोलीतल्या सुनेला ते कळायचे. वैखरी गेली तरी तिच्या आधीच्या, खोलवरच्या वाणी शाबूत राहतात असे मी मुलांना शिकवीत आलो होतो. खरे म्हणजे मला ते त्या स्वयंपाकघरात समजले.

आता बांबूविषयी. आकाशातून ऐकायचे आणि आकाशात बोलायचे तर तार उंच हवी. आमच्या अंगणात तीस फुटांचा एक बांबू होता आणि त्याच्या अंगाने सरळ वर गेलेली तांब्याची तार. ती थोडी आखूड पडे, हातभर. त्यापेक्षा उंच बांबू मिळेना. त्या वर्षीच्या पाडव्याला मी, घरात एवढी सुंदर काठी आयती उभी असताना गुढीला निराळी काठी कशाला, अशा विचाराने चार शेजाऱ्यांच्या मदतीने तोच बांबू सकाळी उतरवला, त्याला खण, कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी बांधली, आणि तारेच्या टोकावर तांब्या पालथा घातला. बांबू पुन्हा उभा करून मी नमस्कार करीत होतो, तो आतून हाक आली.

"अजी, तारेले काय केलं तुमी? दिवा पाहा कसा जळून राहिला."

यंत्रातून तारेकडे जाणाऱ्या वाटेवर तिने विजेरीचा एक बारीक दिवा बसवला होता. तार नीट जुळली की तो अधिक उजळे. तो त्या दिवशी असा पेटला होता की जणू त्याचाही सण असावा. भुसावळहूनही तेच आले: आज तू शेजारच्या खोलीत आहेस. पालथ्या तांब्याने तारेची हातभर उणीव भरून काढली होती. हे कसे घडते ते यमुनेने मला पुढे समजावले, आणि मला ते अर्धेच समजले. गुढीच्या नियमाप्रमाणे मी संध्याकाळी तांब्या उतरवू लागलो तेव्हा तिने माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी तिने तो तांब्या तारेला कथिलाने पक्का जोडला.

आणि त्याच आठवड्यात नोटीस आली.

तिच्यात दोष काढण्याजोगे काही नव्हते. वस्तीच्या कचेरीतून आलेला टंकलिखित कागद: क्वार्टरच्या आवारात कोणतेही स्थायी बांधकाम करण्यास मनाई आहे, खांब सात दिवसांत काढावा, अन्यथा क्वार्टर परत घेतले जाईल. मी परवान्याची प्रत घेऊन कचेरीत गेलो. तेथील साहेब सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, परवाना दोनदा वाचला, आणि सांगितले की परवाना यंत्राचा आहे, खांबाचा नाही. कोणी तक्रार केली होती म्हणे. गावात कारखान्याचे परदेशी पाहुणे आहेत, बिनतारी यंत्रे आहेत, लोक हेरगिरीचे काहीबाही बोलतात. मी त्यांना सासऱ्यांविषयी सांगितले. त्यांनी ऐकले, खरोखर ऐकले, आणि नियमावर बोट ठेवले. तेव्हा मी एकच प्रश्न विचारला: परवा पाडव्याला घरोघरी गुढ्या उभ्या होत्या, त्यांना नोटीस का गेली नाही?

साहेब हसले. "पंडितजी, गुढी की बात अलग है। वह तो शाम को उतर जाती है।"

मी त्यांना नमस्कार केला आणि उठलो. रस्त्याने चालताना मला कारखान्याचा घणाघात ऐकू येत होता आणि मी फार वेगाने चालत होतो, एवढे आठवते. घरी आलो आणि यमुनेला सांगितले की उद्यापासून आपल्याकडे रोज पाडवा.

तिने दारातून बांबूच्या शेंड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "रोज चढवाचा, रोज उतरवाचा? तीस फूट बांबू? तुमाले धोतर सावरत नाई."

हे खरे होते. संध्यावंदन आणि अध्यापन यांत गेलेले माझे हात दोर ओढण्याला सरावलेले नव्हते. पण पलीकडच्या रांगेत बिसाहू नावाचा एक खलासी राहत असे. कारखान्यात मोठमोठ्या लोखंडी तुळया दोरांनी वर चढवणे हे त्याचे काम. काळा, शिडशिडीत, पन्नाशीचा. ड्यूटीवरून आला की ओट्यावर बसून कांद्याबरोबर बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खाई. त्याला मी हकीकत सांगितली. त्याने बासीचे भांडे ठेवले, आमच्या अंगणात आला, आणि जमिनीकडे पाहत एक फेरी मारली, जशी एखाद्याने आपल्याच घरात मारावी. मग टाच आपटून एक जागा दाखवली. तुळशीजवळ, दोन हात खाली, काळी माती आहे. वरचा मुरूम उन्हात कोरडा पडेल, ती पडायची नाही. यंत्राला जमिनीशी जोडणारी तार तेथे पुरा. मी विचारले, तुला कसे ठाऊक? तो म्हणाला, इथे त्याचे शेत होते. जेथे आमचे स्वयंपाकघर आहे तेथे बांध होता, आणि बांधावर बोर.

तोच पुढे बोलला, हसत, दोराला गाठ मारता मारता.

"साहेब कथे, इस्थाई झन राहय. हमर गाँव त इस्थाई रिहिस, गुरुजी. वो ह कहाँ हे?"

साहेब म्हणतात कायमचे काही नको. आमचे गाव तर कायमचेच होते, ते कुठे आहे?

बिसाहूने आम्हाला युक्ती शिकवली. यमुनेच्या माहेरून आलेले दगडी उखळ त्याने अंगणात अर्धे रोवून घेतले; बांबूचा बुंधा त्यात बसे आणि घसरत नसे. उखळ हे बांधकाम आहे असे कोण म्हणेल? चार दिशांना चार खुंटे ठोकले. त्यांना दिवसा बांबूचे ताण, म्हणजे त्याला चहूकडून धरणारे दोर, आणि रिकाम्या वेळी कपड्यांच्या दोऱ्या. एक आखूड लाकडी बल्ली उभी करून तिच्या माथ्यावरून ओढीचा दोर घेतला म्हणजे आडवा पडलेला बांबू सहज डोके उचले. खांब वाऱ्याने पडत नाही, ढिल्या दोराने पडतो, एवढे त्याने पुन्हा पुन्हा बजावले. ओढताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा म्हणून खलासी जी आरोळी देतात ती त्याने दिली. पण ती माझ्या तोंडी बसेना. मग मी अनुष्टुभ म्हणू लागलो. चरण संपला की ओढायचे. चार चरणांत बांबू उभा. बिसाहू म्हणाला, कारखान्यात एवढ्या शुद्ध आरोळीने आजवर एकही तुळई चढली नाही.

मग सुरू झाला तो मोसम, ज्याच्यासाठी हा लेख. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. रोज स्नान झाल्यावर मी सूर्याला अर्घ्य देई ते तुळशीपाशी, म्हणजे ते पाणी जमिनीतल्या तारेलाही मिळे. उन्हाळ्यात ओल राखणे हेच त्या तारेचे सारे रक्षण. यमुना ताण तपासी. मी श्लोक म्हणे. बांबू उठे, त्याच्या माथ्यावर तांब्या कोवळ्या उन्हात चमके, आणि सात वाजता भुसावळहून तो डावा हात पहिला प्रश्न विचारी. रोज तोच.

"काठी उभी?"

आणि यमुना चावीवर उत्तर देई: "उभी."

मग डाळीचे मीठ, मग उशी, मग नातवाचा खोकला.

सूर्यास्तापूर्वी आम्ही बांबू उतरवीत असू. दिवसभराची धूळ आणि धुराड्यांची काजळी तारेवर, तिला बांबूपासून अलग ठेवणाऱ्या चिनी मातीच्या गुळगुळीत मण्यांवर बसलेली असे. ती ओल्या फडक्याने पुसायची, दोराचा घासलेला भाग पुढे सरकवायचा, तांब्याचा जोड हलवून पाहायचा. वस्तीतले लोक प्रथम हसले. शास्त्रीबुवांचा पाडवा संपत नाही, असे म्हणत. मग त्यांना सवय झाली. पुढे पुढे तर समोरची बाई आमचा बांबू खाली आला की दिवा लावी. वैशाखात एके दुपारी आभाळ अचानक पिवळे पडले आणि वावटळ उठली. हथखोज गावाच्या बाजूने पत्रे उडत येताना दिसले. आम्ही दोघांनी दीड श्लोकात बांबू आडवा केला. वस्तीबाहेर ज्यांनी रेडिओच्या तारेचे खांब पक्के गाडले होते त्यांचे वाकले, मोडले. आमच्या गाठी हातात इतक्या बसल्या होत्या की डोळे मिटूनही सुटत. आज्ञा आम्हाला थांबवण्यासाठी आली होती. आम्ही तिचे अक्षर न् अक्षर पाळले, आणि तिच्यासमोर रोज सकाळी तीस फूट उंच झालो.

साहेब आले ते वैशाख संपता संपता, आणि आले ते सकाळीच. बरोबर दोन शिपाई, एकाच्या हातात कोयता. त्यांच्याकडे पुन्हा तक्रार गेली होती की खांब अजून उभा आहे. ते फाटकातून आत आले तेव्हा बांबू अर्ध्या वाटेवर होता. मी तिसरा चरण म्हणत होतो, दोर माझ्या आणि यमुनेच्या हातात ताणलेला, आणि बिसाहू त्या दिवशी पहिल्या पाळीला गेलेला. अवचित आलेली माणसे पाहून माझा चरण तुटला. बांबू थरथरला आणि नेमका त्या तिघांच्या डोक्यावर कलू लागला.

यमुनेने मान वळवली नाही. "साहब, या तो रस्सी पकड़िए, नहीं तो किनारे हो जाइए।"

साहेबांनी दोर पकडला. मला वाटते, त्यांनी विचार केलाच नाही; पडणाऱ्या वस्तूखाली उभा असलेला मनुष्य जे करील तेच केले. कोयता टाकून शिपायांनीही पकडला. यमुनेने माझ्याकडे पाहिले, आणि मला माझा चरण आठवला. पाच जणांच्या जोराने बांबू त्या दिवशी जितका झपाट्याने उभा राहिला तितका पुन्हा कधी राहिला नाही. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोराची लाल धूळ लागली होती. त्यांना आत या म्हणण्याशिवाय आमच्याकडे दुसरा शिष्टाचार उरला नव्हता.

सात वाजायला आले होते. कानाला लावायचे हेडफोन यमुना पाहुण्यांसाठी पितळी पातेल्यात ठेवी. त्यातून आवाज साऱ्या घराला ऐकू जाई. पातेले बोलू लागले. लघू, गुरू, गुरू. फार सावकाश. साहेब वाकून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हलकेच विचारले, काय म्हणत आहेत? मी सांगितले: विचारतात, काठी उभी आहे का.

यमुनेचा हात चावीवर होता, पण ती थांबली होती. तिने साहेबांकडे पाहिले. मुद्दाम पाहिले, असे मला आजही वाटते. क्वार्टर, परवाना, वडिलांची वाचा, सारे त्या क्षणी तिने त्यांच्या पुढ्यात ठेवले होते आणि स्वतः एक शब्दही मागत नव्हती. पातेल्यातून प्रश्न पुन्हा आला. पलीकडे वाट पाहणाऱ्याला ठाऊक नव्हते की इकडे कोण बसले आहे.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. "कहिए," ते म्हणाले, "खड़ी है।"

जाताना फाटकाशी ते थांबले आणि मला विचारले, ही खरेच रोज संध्याकाळी उतरते? मी म्हणालो, सूर्यास्तापूर्वी. त्यांनी मान हलवली. नोटीस मागे घेतल्याचे पत्र आम्हाला कधी आले नाही, आणि दुसरी नोटीसही आली नाही. तरीही आम्ही उतरवणे थांबवले नाही. आता कोणी पाहत नव्हते, कोणी विचारीत नव्हते. पण आपले वचन दुसऱ्याच्या पहाऱ्यावर अवलंबून ठेवायचे नसते, एवढे तर मी मुलांना शिकवतच होतो.

त्यानंतर सासऱ्यांनी आणखी दोन पाडवे पाहिले. तिसऱ्या वर्षी ज्येष्ठात एके सकाळी सात वाजले आणि पातेले बोलले नाही. यमुनेने थोडी वाट पाहिली. मग, ज्या प्रश्नाचे ती इतकी वर्षे उत्तर देत आली होती, तो तिनेच विचारला: काठी उभी? पुन्हा विचारला. अकरा वाजेपर्यंत विचारीत होती. दुपारी तार आली. ती खरोखरीची, पोस्टाची, शिपायाच्या हातून आलेली.

त्या दिवशी सूर्यास्ताला मी दोराजवळ गेलो, तो यमुना उखळाशी बसलेली होती. "आज नाई," ती म्हणाली. मी दोराची गाठ सोडली नाही. भुसावळच्या सुतकाचे सगळे दिवस काठी उभी राहिली, रात्रंदिवस, नियम मोडून. यंत्र बंद, तुळशीला मात्र पाणी. कचेरीतून कोणी आले नाही. बिसाहू रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येई, चारही ताण बोटाने वाजवून पाही, आणि परत जाई. अकराव्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून काठी उतरवली. मी श्लोक म्हटला नाही; बिसाहूनेच आपली आरोळी दिली, फार हळू.

यमुनेचा परवाना पुढेही पुष्कळ वर्षे चालला. देशोदेशीचे हात तिने ओळखले. आता तिला ऐकू येत नाही. गेली चार वर्षे मुळीच नाही. डॉक्टरांनी दिलेले कानाचे यंत्र तिने दोन दिवस लावून पेटीत ठेवून दिले. मुले ओरडून बोलतात, पाटीवर लिहितात. मी तिच्या तळहातावर बोट ठेवून बोलतो. लघू आणि गुरू. माझी रेघ अजूनही आखूड पडते, आणि ती अजूनही हसते.

आज सकाळी तिने तांब्या पुढ्यात ठेवला, आणि मी सुनेला सांगितले की खालच्या दुकानातून बांबू मागव, गच्चीला शोभेल एवढा. सूनबाई घाबरली. सोसायटीचे सेक्रेटरी काय म्हणतील? तिने ते पाटीवर लिहून सासूला दाखवले. यमुनेने खडू घेतला आणि खाली एकच ओळ लिहिली: संध्याकाळी उतरवू. मग चष्मा काढून, पदर खोचून, नातसुनेच्या आधाराने ती तीन जिने चढली. मी मागून, कठडा धरत. गच्चीवर ऊन कोवळे होते. सेक्रेटरी आले, अपेक्षेप्रमाणे हरकत घेऊ लागले, आणि यमुनेने त्यांचे ओठ हलताना पाहून दोराचे टोक त्यांच्या हातात दिले. त्या बिचाऱ्यांनीही ते पकडले.

काठी उभी राहिली. तांब्यावर सूर्य आला, करड्या डागापाशी थोडा मंद झाला. यमुनेला आता वर नीट दिसत नाही. तिने हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर तो जुना प्रश्न वाजवला, आणि नावातल्यासारखा मध्ये थोडा थांबलो.

तिने माझ्या हातावर उत्तर दिले: उभी.

वाचकहो, हा सण तुमच्या दारी सुखाने येवो. तुमच्या घरातले जे बोलू शकत नाहीत, त्यांचे ऐकणारा एक तरी कान तुमच्या घरात सदैव जागा राहो. तुमच्या अंगणातली ओल न आटो, तुमचे दोर ढिले न पडोत, आणि जे तुम्ही प्रेमाने उभे केले आहे ते कोणी उतरवायला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला ते पुन्हा उभे करण्याचे बळ वाग्देवता तुमच्या हातांना देवो. शुभं भवतु.